अश्मयुगाचा मेन्यू आणि अण्णांची भाकरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा कंपनीच्या बसमध्ये बसून वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय पॅलिओ डाएट. म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खा, वजन उतरेल, तब्येत सुधारेल. पण आधी एक घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच हा भाग झाला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला आईचा फोन आला. "अरे, अण्णांना दरदरून घाम सुटलाय. हात थरथरतायत. काहीतरीच बोलतायत." मी पुण्यात, ते दोघं सोलापुरात. शेजारच्या काकांनी येऊन मशीनवर साखर तपासली, ५४. आईनं घोट घोट साखरेचं पाणी पाजलं आणि वीसेक मिनिटांत अण्णा ताळ्यावर आले. तेवढा वेळ मी हिंजवडीतल्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. कारण चूक कोणाची, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी.

झालं होतं असं, की मी स्वतः चार महिने पॅलिओ करून ८९ किलोवरून ८१वर आलो होतो. आता ज्याचं वजन उतरतं तो माणूस गप्प बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी घरी गेलो आणि अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही भाकरी बंद करा. माणूस लाखो वर्षं धान्याशिवाय जगलाय." अण्णांना नऊ वर्षांपासून मधुमेह. सोलापूरचा माणूस, कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे जीव की प्राण. पण पोरगा इंजिनिअर, एवढं वाचून बोलतोय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. त्या रविवारी नाश्त्याला दोन उकडलेली अंडी आणि काकडी. गोळी मात्र रोजचीच. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात भाकरी आहे की काकडी, हे तिला काय कळणार? तिनं तिचं काम केलं.

डॉक्टर मला फोनवर एवढंच म्हणाले, "जेवण एवढं बदलायचं असेल तर गोळीही बदलावी लागते. आधी विचारायचं तरी."

म्हणून मग उशिरा का होईना, आधी करायला हवं होतं ते केलं. "माणूस लाखो वर्षं धान्याशिवाय जगला" हे वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून, ते शोधलं. आमच्या ऑफिसच्या भाषेत, रूट कॉज. तोच हा इतिहास.

आधी नियम काय ते बघू

पॅलिओमध्ये मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं आणि सुकामेवा चालतो. धान्य, डाळी, दूध, साखर, वरून घातलेलं मीठ आणि पॅकेटमधले पदार्थ चालत नाहीत. त्यामागचं तर्कशास्त्र ऐकायला एकदम चोख आहे. आपली मानवजात साधारण तीन लाख वर्षं जुनी. दगडी हत्यारांचा काळ तर २५ लाखांहून अधिक वर्षांचा. शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. म्हणजे आपलं शरीर शिकारी-संकलकाचं आणि ताट शेतकऱ्याचं. जुन्या हार्डवेअरवर नवं सॉफ्टवेअर, मग सिस्टिम हँग होणारच. मी स्वतः ही उपमा दहा जणांना ऐकवली असेल.

मग हे डाएट नक्की किती जुनं?

पीठ-साखर सोडून वजन उतरवण्याची टूम पॅलिओच्याही आधीची. लंडनमध्ये विल्यम बॅन्टिंग नावाचे एक गृहस्थ होते, अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा त्यांचा धंदा. उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर, वजन २०२ पौंड. डॉक्टर विल्यम हार्वी यांच्या सल्ल्यानं त्यांनी ब्रेड, साखर, बटाटा, बिअर सोडलं आणि मांस-मासे वाढवले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं पुस्तिका काढली आणि ती इतकी गाजली, की इंग्रजीत डाएट करण्यालाच बॅन्टिंग करणं म्हणायला लागले. लक्षात घ्या, या पुस्तिकेत गुहेतला माणूस आधाराला घेतलेला नाही. आदिमानवाचं नाव न घेताही वजन उतरलं होतं.

तो आदिमानव ताटावर आला १९७५मध्ये. वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या पोटविकारतज्ज्ञ अमेरिकन डॉक्टरांनी अश्मयुगीन आहारावर पुस्तक छापलं. त्यांचं म्हणणं, माणूस मुळात मांसाहारी प्राणी. पुस्तकाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

खरी सुरुवात १९८५ची. जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या बड्या नियतकालिकात बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख आला. दोघंही अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले, ईटन रेडिओलॉजिस्ट, कॉनर मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी विसाव्या शतकात शिल्लक असलेल्या शिकारी-संकलक जमातींच्या नोंदी घेतल्या आणि एक सरासरी काढली. ३५ टक्के मांस, ६५ टक्के वनस्पती. तंतुमय पदार्थ दिवसाला ४५ ग्रॅमच्या वर. म्हणजे ज्या लेखावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यातल्या आदिमानवाच्या पानात कंदमुळं आणि पाला मांसापेक्षा जास्त आहे! रोज चिकन-अंड्यांचे फोटो टाकणाऱ्या मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे २००२मध्ये कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या लॉरेन कॉर्डेन यांनी पॅलिओ डाएट याच नावाचं पुस्तक काढलं आणि काय खा, काय सोडा याची यादी घरोघरी पोहोचली. मग आले ब्लॉग, जिम, यूट्यूब. २०१३मध्ये हे गुगलवर सगळ्यात जास्त शोधलेलं डाएट होतं. थोडक्यात, लाखो वर्षांचं म्हणून मी अण्णांना जे विकलं, ते माझ्यापेक्षा थोडंसंच मोठं आहे.

दहा माणसं, सात आठवडे

पण थांबा. डाएट नवं आहे म्हणून ते खोटं, असं नाही. पॅलिओच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा म्हणून जो प्रयोग सांगितला जातो, तो खरा आहे आणि फार विलक्षण आहे. माझ्या मते या विषयावरचं एकच काही वाचायचं असेल तर हे वाचा.

१९८२, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किम्बर्ली भाग. केरिन ओडेया या संशोधक डर्बी गावाजवळच्या मोवांजम वस्तीत गेल्या. तिथली मधुमेह असलेली दहा आदिवासी माणसं सात आठवड्यांसाठी आपल्या मूळ भूमीत परत जायला तयार झाली. दुकान नाही, रेशन नाही, दारू नाही. जे मिळवाल ते खा. आधी समुद्रकिनारी राहिले, तिथे मासे आणि पक्षी. मग आत नदीकाठी, तिथे कांगारू, गोड्या पाण्यातले मासे, कासव, मगर, रानकंद, उंबरासारखी रानफळं आणि मध.

सात आठवड्यांनी वजन सरासरी आठ किलोनं उतरलं. उपाशीपोटीची साखर सरासरी २०९वरून ११९वर आली. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी तिपटीनं खाली आली. १९८४मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि आजही त्यांचा दाखला दिला जातो.

इथपर्यंत ऐकून मीसुद्धा म्हटलं असतं, बघा, अण्णा! पण ओडेया यांनी स्वतः काय लिहिलंय ते बघा. नदीकाठच्या दिवसांत ही माणसं रोज अंदाजे १२०० कॅलरी खात होती. एवढ्यात तर सोलापूरच्या लग्नातली एक पंगतही उठत नाही. त्यातही चरबी फक्त १३ टक्के, कारण रानातल्या कांगारूच्या अंगावर चरबी नसतेच. आणि प्रत्येक घास पायपीट करून मिळवलेला. सुधारणेची कारणं म्हणून त्यांनी तीन गोष्टी मांडल्या: उतरलेलं वजन, कमी चरबीचं जेवण आणि वाढलेली हालचाल. धान्य सोडलं म्हणून बरे झाले, असा सरळ निष्कर्ष त्यात नाही. तो आपण नंतर चिकटवला.

त्यांना परत का जावं लागलं?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. ही माणसं मूळ भूमीत परत गेली म्हणतो, तर मग ती आधी तिथून निघाली का?

मोवांजम ही वस्ती मुख्यतः वोरोरा, नगारिन्यिन आणि वुनंबल या तीन समाजांची. जगप्रसिद्ध वांजिना गुहाचित्रं ती यांचीच परंपरा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी या भागात गुरांचे प्रचंड मळे काढले, मिशनऱ्यांनी वस्त्या काढल्या. शिकारीची जमीन कुंपणात गेली. मिशनबरोबर मुक्काम हलत हलत ही माणसं अखेर डर्बीच्या अंगाला येऊन थांबली. ऑस्ट्रेलियाभर मिशनवर आणि मळ्यांवर आदिवासींना रेशन मिळायचं ते पांढरं पीठ, साखर, चहा आणि तंबाखूचं. पिढ्यान् पिढ्या याच सामानावर काढायला लावलं आणि मग मधुमेह आला.

म्हणजे ज्याला आपण धान्य विरुद्ध शिकार असा आहाराचा वाद समजतो, त्याच्या मुळाशी जमीन गेल्याची गोष्ट आहे. त्या सात आठवड्यांत त्यांना फक्त कांगारू मिळालं नाही. स्वतःची भूमी, त्या भूमीचं ज्ञान, सोबत चालणारी माणसं, हे सगळं एकदम मिळालं. आणि आपण त्यातून काय उचललं? पंधराशे रुपयांचा पॅलिओ स्नॅक बॉक्स. मीही मागवला होता, खोटं कशाला बोलू.

एकच मेन्यू नव्हताच

आता दुसरी गंमत. पॅलिओवाल्यांचं आणखी एक आवडतं नाव स्टाफान लिंडेबर्ग, स्वीडनचे डॉक्टर. १९८९च्या सुमाराला ते पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावर गेले. तिथे लठ्ठ माणूस सापडेना, आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या खुणाही जवळजवळ नाहीत. पुरुष बहुतेक धूम्रपान करणारे, तरीही. आणि ते खात काय होते? सुरण, रताळी, अळकुड्या, फळं, नारळ, मासे. जवळजवळ ७० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे कार्ब्समधून! वर हे कंद ते स्वतः लावत होते, म्हणजे ते शेतकरीच. किम्बर्लीत मांसावर माणसं सुधारली, कितावात कंदांवर ठणठणीत राहिली. टांझानियातल्या हाडझा शिकाऱ्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ तर मध. दोन्हीकडे जे नव्हतं ते फक्त पांढरं पीठ, साखर, तळलेली पाकिटं आणि दिवसभर खुर्ची.

आणि धान्य-डाळींचं काय? ईशान्य जॉर्डनच्या वाळवंटात शुबायका नावाच्या ठिकाणी संशोधकांना चुलीत जळालेले पोळीचे तुकडे सापडले. २०१८मध्ये ते जाहीर झालं. वय १४ हजार ४०० वर्षं, म्हणजे तिथली शेती सुरू होण्याच्या जवळजवळ चार हजार वर्षं आधीचं. शिकार करणारी माणसं रानातलं जव-गहू वेचून, दळून, कंदाचं पीठ मिसळून पोळी भाजत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी भाजलेले पिष्टमय कंद सापडलेत. इराकच्या शानिदार गुहेत निअँडरथल माणसांनी रानडाळी भिजवून, कुटून शिजवल्याचे जळके अवशेष आहेत.

म्हणजे भाकरीची मावसबहीण शेतीपेक्षा जुनी निघाली, आणि वरणाची पणजी निअँडरथलच्या चुलीवर. हे वाचल्यावर मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मग मला चार महिने वेगळा स्वयंपाक कशाला करायला लावलास?" उत्तर नव्हतं.

पण उलट टोकालाही जाऊ नका

हा भाग ऐकून कोणीतरी घरच्या ग्रुपवर लिहिणार, बघा, आपल्या पूर्वजांच्या ताटात सगळं होतं, परदेशी डाएट म्हणजे फसवणूक. तेही बरोबर नाही.

एक तर आपलं पारंपरिक ताटही सतत बदलत आलंय. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८पासून पुढे उत्खनन केलं, तिथल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य जव होतं. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि चटणीतल्या त्या शेंगासुद्धा अमेरिका खंडातून आल्या, पोर्तुगीज आल्यानंतर. अण्णांची भाकरी-शेंगाचटणी म्हणजे दोन खंडांचा संगम आहे.

दुसरं, शेतीनं माणसाला काही किंमत मोजायला लावली, हे खरं आहे. जगात बऱ्याच ठिकाणी शेती आल्यावरचे सांगाडे तपासले तर दात जास्त किडलेले दिसतात, काही ठिकाणी उंचीही घटलेली दिसते. पॅलिओवाले हे सांगतात तेव्हा ते थापा मारत नसतात.

तिसरं, पॅलिओनं वजन उतरतं. माझं उतरलं. स्वीडनमध्ये उमेओ इथे वजन जास्त असलेल्या ७० वयस्क स्त्रियांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्या पॅलिओवर, निम्म्या तिथल्या सरकारी आहार-शिफारशींवर. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्या स्पष्ट पुढे होत्या. दोन वर्षांनी वजनातला तो फरक ठळक उरला नाही, ट्रायग्लिसराइड्स मात्र पॅलिओ गटात अजून कमी होती. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. बिस्किटं, फरसाण, गोड चहा, कोल्ड्रिंक बंद झालं आणि भाजी वाढली, की शरीर आभार मानतंच. त्याला तुम्ही अश्मयुग म्हणा किंवा आजीचं ऐकणं म्हणा.

माझं स्वतःचं म्हणाल तर ८१चे पुन्हा ८६ झाले. कारण सोपं आहे. पुण्यात एकट्यानं रोज मांस, अंडी, बदाम परवडत नाहीत, आणि सणाला घरी गेल्यावर ताटावरून उठून बसणं मनाला परवडत नाही. जे डाएट आपल्याला घरच्या पंगतीतून उठवतं, ते किती वर्षं टिकणार?

मग मी काय ठेवलं, काय सोडलं

साखर आणि मैदा सोडला, तो सोडलाच. भाजी दुप्पट केली. डाळ परत आणली. रात्रीचं जेवण लवकर करतो, आणि जेवणानंतर फोन घरी ठेवून चालायला जातो. हे सगळं मला पॅलिओनंच शिकवलं, त्याचं श्रेय त्याला. सोडलं ते एकच, "लाखो वर्षं" असं छातीठोकपणे सांगून दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

आणि ही एक गोष्ट कृपा करून घरी सांगा. आई-बाबांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कुठलंही डाएट, अगदी उपवाससुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू देऊ नका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर आधी साखर तपासा. ती कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

अण्णांचं पुढे काय झालं? डॉक्टरांनी गोळी बदलली, आहारही ठरवून दिला. आता एका वेळी एकच भाकरी, सोबत भरपूर पालेभाजी आणि घट्ट वरण, आणि रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं तासभर चालणं. आई सोबत असते. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा मीही गेलो. चालता चालता त्यांना किम्बर्लीची ती दहा माणसांची गोष्ट सांगितली. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांना त्यांचं रान परत मिळालं का रे, की सात आठवड्यांपुरतंच?"

एवढा सगळा इतिहास वाचून हा प्रश्न मी शेवटी विचारला होता. त्यांनी पहिलाच विचारला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर पाठवा, विशेषतः ज्या घरात एक पोरगा नुकताच जिमला जायला लागलाय तिथे. काळजी घ्या, जेवून घ्या, भेटू पुढच्या भागात.